डुगडुगणारी फरशी

आमच्या जुन्या घराच्या ढेळजेत, उंबऱ्याच्या लगेच आत, एक शहाबादी फरशी होती. तिच्या एका कोपऱ्याखालची माती केव्हातरी निघून गेली होती, त्यामुळं ती डुगडुगायची. पाय पडला की 'खट्' वाजायचं आणि पाय उचलला की 'खुट्'. वडील दर दिवाळीला म्हणायचे, "औंदा हिच्याखाली कच भरून पक्की करून टाकू." आई चुलीपासनं म्हणायची, "ऱ्हाऊ द्या की. तिचं काय अडलंय तुमाला?"

आईला त्या फरशीवरनं माणूस कळायचं. वडिलांचा पाय जड. एकच 'खट्' आणि मग वहाणा काढल्याचा आवाज. चुलत्यांचं दोनदा वाजायचं, कारण ते तिथंच उभं राहून खाकरायचे. मी शाळेतून आलो की उडीच मारायचो. पोस्टमन आला की फरशी वाजायची, पण पावलं पुढं यायची नाहीत. आई भाकरी थापता थापता, मान न वळवता सांगायची, "आला बघ अमका." आम्हाला वाटायचं, आईचे कान भारी तिखट आहेत. तिचे डोळे जात चाललेत, हे घरातल्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ते कळलं मी ते घर पाडल्यावर.

पाडलं ते मीच, दुसऱ्या कुणी नाही. मी पदविका घेऊन बांधकामाच्या नोकरीत लागलो होतो. लोकांची घरं आखत होतो, स्वतःचं घर मात्र आजोबांच्या वेळचं. अडीच हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गाव सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण कडेला, लांब, तरी हादरा जाणवला. आमच्याकडं माळवदाची माती झरली, एवढंच. पण लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. तीही घरं अशीच होती. मातीत रचलेले दगड, आणि दर पावसाळ्याच्या तोंडाला गळू नये म्हणून मातीचा नवा थर टाकून टाकून जड झालेलं माळवद. त्यानंतर मी गावी गेलो की रात्री झोप लागायची नाही. वर बघत पडायचो. म्हणून घर पाडण्याचा निर्णय चुकला असं मी आजही म्हणत नाही. चूक पुढं झाली.

प्लॅन मी दोन रात्रींत काढला. तीन खोल्या, नऊ इंची विटांच्या भिंती, दहा फुटांवर स्लॅब, खाली पॉलिश केलेली मोझॅक फरशी, संडास-न्हाणी घरातच. आईला दोन गोष्टी विचारल्या. देव कुठं ठेवायचे आणि ओट्याचं तोंड कुठल्या दिशेला करायचं. तिनं सांगितलं तसं केलं, आणि मला वाटलं, आईला विचारून घर बांधलं.

1995 च्या अक्षय तृतीयेला आम्ही राहायला गेलो. पाव्हणे-रावळे आले, घर बघून गेले. 'बघून' हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. घर बघायचंच असतं, असं तेव्हा माझंही मत होतं.

पंधरा दिवसांत आई बाजेवर बसून राहायला लागली. दिवसभर घरात भिरभिरणारी बाई, आता पाणी प्यायलाही हाक मारायची. मी पुढच्या खोलीतून बोललो तर तोंड स्वयंपाकघराकडं करायची. एकदा लोखंडी कपाटाचं उघडं दार कपाळाला लागलं. मी चिडलो. "आई, समोर बघून चालत जा की." ती म्हणाली, "ह्या घरात माणूस कुठनं बोलतंय तेच कळंना, बाबा. चारी भिंतीतनं आवाज येतोय."

सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू. एक डोळा पुरता गेलेला. दुसऱ्यानं पन्हळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसत होतं. हा रोग दुखत-खुपत नाही. बहुतेक वेळा कडेनं नजर खात आत येतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून कमी दिसतंय?" आई म्हणाली, "झाली असतील सात-आठ वर्सं." डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. "आणि घरातलं सगळं ह्या करत होत्या?" करत होत्या. स्वयंपाक, धारा, सारवण, सगळं.

परत येताना यष्टीत मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "अडत नव्हतं तवर कशाला सांगायचं?"

त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं, मी पाडलं ते काय होतं.

जुन्या घरात तिचे पाय आणि कान डोळ्यांचं काम करत होते, आणि घर त्यांना साथ देत होतं. ढेळजेत दगड, सोप्यात शेणानं सारवलेली जमीन, चुलीपाशी ऊब, न्हाणीत ओला खडबडीत दगड. कुठं आलो ते तळव्याला कळायचं. सोप्याला चार लाकडी खांब होते, कमरेएवढ्या उंचीवर हात लागून लागून गुळगुळीत झालेले. माजघराचं दार एवढं बुटकं की वाकताना हात आपोआप चौकटीला जायचा. आवाजाचीही जागा ठरलेली. गोठ्याकडं घुंगरं, मागल्या दारी रहाट, चुलीवर रटरट. ज्वारीची पोती, वाकळी, कणग्या, मातीची भिंत हे सगळं आवाज पिऊन टाकायचं. म्हणून जो आवाज कानावर यायचा तो एकदाच यायचा, आणि जिथून निघाला तिथूनच यायचा.

नव्या घरात मी काय केलं? सिमेंट, गिलावा, पॉलिशची फरशी. हे पदार्थ आवाज गिळत नाहीत. शंभर भाग आवाज आदळला तर त्यातले 97-98 भाग परत फेकतात. आपले दोन कान आवाज कुठून आला ते ओळखतात ते एका कानाला तो दुसऱ्याच्या आधी, थोडा जास्त पोचतो म्हणून. चारी भिंतींनी तोच आवाज परत परत आणून दिला तर बिचारे कान काय करणार? डोळस माणूस डोळ्यानं भागवून नेतो. आईपाशी ते नव्हतं.

पुढं मी या विषयावरचं मिळेल ते वाचलं. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 1895 साली एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं. दिसायला देखणं, पण मास्तर बोलायला लागले की समोरच्यांना शब्द कळेना. एक आवाज साडेपाच सेकंद खोलीतच घुमत राही. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडं ते काम आलं. त्यानं रात्री-अपरात्री जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणून तिथं मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. जितक्या गाद्या जास्त, तितका आवाज लवकर विरे. माणसाचं अंगही आवाज पितं, हेसुद्धा त्यानं मोजलं. त्याच हिशोबावर बॉस्टनचं सिम्फनी हॉल उभं राहिलं, 1900 साली. मी ते वाचलं आणि आमच्या वाकळी आठवल्या. नव्या घरात शोभत नाहीत म्हणून त्या मीच माळ्यावर टाकायला लावल्या होत्या.

पायांचंही तसंच. फ्रान्समधल्या ब्लाँडेल नावाच्या माणसानं सतराव्या शतकात जिन्याचा एक नियम सांगितला. पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पायरीची रुंदी मिळून माणसाच्या एका पावलाएवढी भरली पाहिजे. आजही आम्ही ती बेरीज 60 ते 65 सेंटिमीटर धरतो. हा नियम मी परीक्षेत लिहिला होता, नोकरीत शेकडो वेळा वापरला होता. पण त्यातलं पाऊल कुणाचं, असं मनात कधी आलं नाही. गुडघे गेलेल्या म्हातारीचं, पोटुशा बाईचं, डोक्यावर हंडा घेतलेल्या पोरीचं पाऊल एकच असतं काय?

यानंतर मी भेटेल त्याला जुन्या घराचं गुणगान ऐकवायला लागलो. जुनी माणसं शहाणी होती, त्यांची घरं माणसाला ओळखायची, आम्ही शिकलो आणि अडाणी झालो, असं सगळं. एकदा हेच मी माझ्या वर्गमित्राला सांगत बसलो. तो पुढं शाळामास्तर झाला होता. त्याचं घर गावाबाहेरच्या वस्तीत, जिला तेव्हा महारवाडा म्हणत. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझी ती फरशी मला म्हाईत हाय. लांबनं ऐकलीय. तिच्यावर पाय कधी पडला न्हाई आपला."

मी गप्प झालो.

"आमची आजी सणासुदीला तुमच्याकडं यायची. उंबऱ्याच्या भायेर बसून हाळी द्यायची. तिचा आवाज थेट चुलीपर्यंत जायचा. तुझ्या आईचा आवाज भायेर यायचा, थांब गं, आणते. आवाजाला आडकाठी न्हवती. पायाला होती. तुमचं घर माणूस वळखायचं म्हनतोस ना? लई चांगलं वळखायचं."

मला त्या वेळी आठवीतली सहल आठवली. सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. गोलघुमट बघायला आमचा सगळा वर्ग गेला होता. मोहम्मद आदिलशहाची ती कबर 1656 साली पुरी झाली. एवढा प्रचंड घुमट, आणि मधे एक खांब नाही. वरच्या सज्जात टाळी वाजवली की ती पुनःपुन्हा उमटत जाते. पण त्याहून नवल कुजबुजीचं. भिंतीला तोंड लावून हळू बोललं तर तो आवाज वळत्या भिंतीच्या कडेनं सरकत समोरच्या टोकाला पोचतो. हा मित्र एका बाजूला उभा राहिला, मी त्याच्या समोर. मध्ये पस्तीस-चाळीस मीटरची पोकळी. तो भिंतीला तोंड लावून पुटपुटला, आणि माझ्या कानाशी शब्द आले, "पाणी हाय का रं?"

खाली उतरल्यावर मी माझ्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं. तांब्या त्याच्या हातात दिला नाही. ओतताना त्यात मला काही वावगं वाटलं नाही, आणि हेच मला आता सगळ्यात जास्त बोचतं. त्या भिंतीनं त्याचा आवाज माझ्या कानापाशी आणून दिला होता, आणि मी वरून, लांबून पाणी ओतत होतो.

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. म्हणजे बाहेर. त्यांचे अभंग वारकरी शेकडो वर्षं गात आले, पण त्यांच्या माणसांच्या पायांना 1947 पर्यंत आत जाता येत नव्हतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा ते दार उघडलं. आवाज आत आणि माणूस बाहेर ही रीत आमच्या एकट्याच्या ढेळजेची नव्हती. पण आमच्या ढेळजेचीही होतीच.

मित्र काय म्हणाला ते मी आईला सांगितलं. वाटलं, ती काहीतरी सारवासारव करील. ती म्हणाली, "खरंच हाय त्याचं." थोड्या वेळानं आपणच बोलायला लागली. "आणि मी तरी काय? लगीन होऊन आले तवा सासूबाई सोप्यात बसून असायच्या. फरशीवर जोडवी वाजली की म्हनायच्या, पाय आपटतीस का? बांगडी वाजली तर, एवढी कसली घाई? त्या घरात काय बी लपायचं न्हाई. मग पाय न वाजवता चालायला शिकले. बोटं आधी टेकवायची, मग टाच." आणि हसून म्हणाली, "त्येच पुढं कामाला आलं बघ, दिसंना झाल्यावर."

मी जे घर पुजायला निघालो होतो ते असं होतं. ज्या कानानं आई पाव्हणा ओळखायची, त्याच कानानं आजी सुनेवर पहारा ठेवायची. जो उंबरा आईच्या पायाला वाट सांगायचा, तोच मित्राच्या आजीला तिची जागा सांगायचा. आणि त्या घरानं आईला इतकं सांभाळून घेतलं, की तिचा आजार आम्हाला दिसला नाही. डॉक्टर म्हणालेच होते, चार-पाच वर्षं आधी आला असता तर उरलेली नजर अजून राखता आली असती. खरं म्हणजे माझ्या त्या घुमणाऱ्या, निसरड्या घरानंच तो आजार उघडा पाडला.

तेव्हा प्रश्न माती की सिमेंट हा नाही. जुनं की नवं हाही नाही. भिंत घातली की तिच्या पलीकडचं कुणाला ऐकू जाईल आणि कुणाला नाही, हे ठरतं. पायरी घातली की कोण चढेल आणि कोण खाली उभा राहील, हे ठरतं. आखणाऱ्याच्या मनात असो वा नसो, ते ठरतंच. गोलघुमट बांधणाऱ्यांच्या मनात दोन पोरांची कुजबुज नक्कीच नसेल, तरी भिंतीनं ती पोचवली. म्हणून 'माझ्या ते डोक्यातच आलं नाही' हे आखणाऱ्याचं उत्तर होऊ शकत नाही. मी पैसे घातले, कागद माझ्या नावाचा, म्हणून घर माझं, असं मी धरून चाललो होतो. पण त्या घरात सगळ्यात जास्त पावलं आईची पडणार होती. मग ते आधी कुणाचं?

लोक म्हणतील, विचारायचं होतंस तिला. मी विचारलं होतं. देव कुठं, ओटा कुठं, विचारलं होतं. पण आयुष्यभर जिनं 'अडत नाही तोवर' काही सांगितलं नाही, ती विचारल्यावर तरी काय सांगणार? अशा माणसाला विचारायचं म्हणजे त्याच्या मागं मागं चालायचं. ते मी उशिरा केलं. आठ दिवसांची रजा काढली आणि एक वही घेऊन आईच्या मागं फिरलो. बाजेपासून न्हाणी सतरा पावलं. नवव्या पावलाला ती हात पुढं करायची, खांब शोधायला. तिथं खांब नव्हता.

मग गवंडी बोलावला. बाजेपासून न्हाणीपर्यंत मोझॅक उखडून खडबडीत शहाबादीचा एक पट्टा घातला. गवंडी हळहळला, "साहेब, चांगली पालिशची फरशी फोडताय?" जुन्या माळवदाचा एक वासा ठेवलेला होता. तो घासून भिंतीला कमरेच्या उंचीवर आडवा ठोकला. वाकळी माळ्यावरनं काढून पुढच्या खोलीच्या दोन भिंतींना लावल्या. टिकटिक मोठी असलेलं घड्याळ स्वयंपाकघरात टांगलं, म्हणजे तिकडची बाजू कळावी. आठवड्यात आईनं बाज सोडली.

राहिली ती फरशी. ती गोठ्यापाशी धुणं धुवायला पडून होती. ती दारात बसवायची म्हटल्यावर गवंडी अडला. "सरळ बसवून देतो. डुगडुगती बसवायला मला येत न्हाई." तेवढ्यात मित्र आला होता. मी त्याला विचारलं, "कुठं बसवू रे?" म्हणजे ढेळज आता नव्हती, म्हणून जागेचं विचारत होतो. त्यानं फरशीकडं बघितलं, उंबऱ्याकडं बघितलं. "आत नको. भायेर बसीव, पायरीवर. येनाऱ्या परत्येकाची वाजू दे." आम्ही दोघांनी ती उचलून आणली, एका कोपऱ्याखालची माती हातानं काढली. गवंडी बिडी ओढत बघत बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. फरशी वाजली. आई आत ज्वारी निवडत होती. तिनं हात थांबवला, मान वाकडी करून ऐकलं आणि मला म्हणाली, "कोण हाय बघ रे. हा पाय नवा हाय."

माझी मान खाली गेली. पस्तीस वर्षांची ओळख होती. त्याच्या आजीचा, त्याचा, सगळ्यांचा आवाज आईला पाठ होता. पाय तेवढा नवा होता.

आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. शेवटचा महिना सोडला तर न्हाणीपर्यंत स्वतःच्या पायांनी जायची. मित्राचा पाय ओळखायला तिला दहा-बारा दिवस लागले. मग फरशी वाजली की आतूनच सुनेला सांगायची, "मास्तर आला बघ. च्या टाक."